लाईटवाल्या काकांना, एका भुताच्या पिक्चरबद्दल थँक्यू

काका, नमस्कार.

हे ताई वाचून दाखवेल तुम्हाला, कारण डोळ्यात थेंब घालायचे दिवस संपेपर्यंत मोबाईल हातात घ्यायचा नाही असं ठरलंय म्हणे. मुद्दाम चार लोकांसमोर लिहितोय. नाटकाच्या जाहिरातीत प्रकाशयोजनाकाराचं नाव तरी येतं, पण विंगेत डिमरवर बसून चाळीस वर्षं तो उजेड प्रत्यक्ष पाडणाऱ्या माणसाचं कुठेच येत नाही, आणि आता मी लिहितोय तर तुम्हीच म्हणालात की नाव टाकू नकोस. बरं, नाही टाकत. पण थँक्यू म्हणणारच.

२०१२ चा मे महिना आठवतोय का? इंजिनिअरिंगचं शेवटचं सबमिशन उरकून मी सांगलीला आलेलो, वर आमच्याकडे जुना डबा टीव्ही आणि खाली तुमच्याकडे ताईने नवीन घेतलेला, पेनड्राइव्ह लागणारा. त्या पेनड्राइव्हवर सस्पिरिया होता. १९७७ चा, इटलीच्या दारिओ आर्जेन्तोचा. हॉस्टेलवर आम्ही सहा जणांनी तो लॅपटॉपवर बघितलेला आणि हसून हसून लोळलेलो, कारण ओठ एकीकडे आणि डायलॉग एकीकडे, रक्त म्हणजे सरळ पोस्टर कलर, आणि स्टोरी काय तर सुझी नावाची अमेरिकन मुलगी बॅले शिकायला जर्मनीत फ्रायबुर्गला येते आणि ती शाळा चेटकिणींची निघते, बास. तुम्हाला दाखवायला आणला तो पण गंमत म्हणूनच, काकांना जरा हसवू म्हणून.

तुम्ही पाच मिनिटं बघितलंत आणि म्हणालात, "ती इंग्रजी कटकट बंद कर आधी." मी म्यूट केला. मग तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. सुझी विमानतळावरून बाहेर येते, धो धो पाऊस, कशीबशी टॅक्सी मिळते आणि मागच्या सीटवर तिच्या चेहऱ्यावर लाल, मग निळा, मग हिरवा उजेड सरकत जातो. तुम्ही विचारलंत, "लाल हिरवा सिग्नलचा धरू, पण हा निळा येतोय कुठून?" मी म्हटलं काका पिक्चर आहे, काहीही असतं. तुम्ही म्हणालात काहीही नसतं, दिवा कुणीतरी नेऊन ठेवावा लागतो. थोडा वेळ गप्प बसलात आणि मग म्हणालात, "हा कुठूनच येत नाहीये. हा पिक्चर नाहीये रे, हे नाटक लावलंय त्याने."

मला तेव्हा ते नीट कळलं नव्हतं. पण त्या रात्री आपण अख्खा पिक्चर म्यूटवर बघितला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माणसांकडे न बघता भिंतींकडे बघत होतो. स्वयंपाकघरातली ती बाई कॉरिडॉरमध्ये बसून काहीतरी चकचकीत पुसत असते, त्याची तिरीप सुझीच्या डोळ्यावर येते आणि पुढच्याच क्लासमध्ये ती नाचता नाचता कोसळते. हॉस्टेलवर ही जागा आम्ही चहा आणायला गेलो म्हणून बघितलीच नव्हती. तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात, पोरीला उजेडाने मारलं की हो.

आणि दाराच्या मुठी! त्या मला अजून शंभर वेळा बघून पण दिसल्या नसत्या. तुमचं म्हणणं सुतार चुकला असेल तर एका दाराला चुकेल, सगळ्या दारांना मूठ पोरींच्या खांद्याच्या वर कशी? नंतर मी शोधून काढलं तर खरंच तसंच होतं. आर्जेन्तोला त्या शाळेत बारा-एक वर्षांच्या मुली हव्या होत्या, पण निर्माता म्हणजे त्याचेच वडील, साल्व्हातोरे आर्जेन्तो, ते म्हणाले लहान पोरींना मारणारा पिक्चर कोण लावेल. मग मोठ्या नट्या घेतल्या पण डायलॉग तसेच ठेवले आणि मुठी वर बसवल्या, म्हणजे दार उघडताना हात उंच करावा लागावा आणि बाई लहान दिसावी. ज्या सीनला आम्ही सगळ्यात जास्त हसलेलो, त्या दोघी जणी एकमेकींना जीभ काढून दाखवतात आणि एस वरून नाव असलेल्या मुली म्हणजे साप असं काहीतरी चिडवाचिडवी चालते, तो पोरकट नव्हताच, तो पोरींचाच होता. आर्जेन्तोने कॅमेरामनला, लुचानो तोवोलीला, डिस्नेची हिमगौरी बघायला सांगितलेली, असला रंग पाहिजे म्हणून. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ही हिमगौरीचीच गोष्ट आहे, फक्त सात बुटके नाहीयेत मदतीला.

दुसऱ्या दिवशी आवाज चालू करून परत लावला. काकू आत लसूण सोलत होत्या आणि आतूनच म्हणाल्या, "तबला वाजतोय का रे?" मी म्हटलं काकू, इटालियन रॉक बँड आहे, गॉब्लिन नाव आहे, तबला कुठला. त्या सोललेल्या पाकळ्या हातात घेऊन बाहेर आल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या तबलाच आहे, वाजवणाऱ्याला फारसा येत नाही पण आहे. आणि आहेच! बासवाला फाबिओ पिन्यातेल्ली, त्याच्या नावापुढे तबला लिहिलेलाय. ती अंगाई गीतासारखी चाल, खालून बुझुकी नावाचं ग्रीक तंतुवाद्य, तबला, आणि मध्येच कुणीतरी कानात फुसफुसतं. हे संगीत शूटिंगच्या आधी करून घेतलेलं आणि सेटवर मोठ्यांदा लावायचे म्हणे, म्हणजे नट आपोआपच दचकलेले राहतील. इटलीत तेव्हा सगळा आवाज नंतर डब करायची पद्धत, सेटवरचा आवाज घ्यायचाच नसायचा म्हणून हे जमायचं. ओठ न जुळण्याचं कारण पण तेच, आम्ही उगाच दात काढले.

आता खरं ज्यासाठी लिहायला बसलो ते. (ज्यांनी बघितला नसेल त्यांनी पुढचं आपापल्या जबाबदारीवर वाचावं.) तिसऱ्यांदा बघताना तुम्ही नाटकातली एक युक्ती सांगितलीत, की स्टेजवर एका कोपऱ्यात जोरात स्पॉट टाकायचा, प्रेक्षक तिकडे बघतो, डोळे दिपतात आणि तेवढ्यात दुसऱ्या कोपऱ्यात अंधारात पोरं सेट बदलून घेतात. "हा माणूस तेच करतोय," तुम्ही म्हणालात, "लाल दाखवतोय आणि भलतीकडेच काहीतरी हलवतोय." भलतीकडे म्हणजे कुठे ते तुम्ही सांगितलं नाहीत. ते मला नंतर एकटं बघताना सापडलं. तो ते कानात हलवतो.

बघा ना. सुझी शाळेच्या दारात पोचते तेव्हा एक मुलगी पावसात धावत बाहेर येते, ओरडून काहीतरी बोलते आणि विजेच्या कडकडाटात आपल्याला धड दोनच शब्द ऐकू येतात, गुपित आणि आयरिस. आपण तेव्हा तिच्या मागचा तो लालभडक दरवाजा बघत असतो. मग मुली हॉलमध्ये झोपतात, वरून अळ्या पडलेल्या असतात म्हणून, पडद्यापलीकडे सगळं लाल, आणि त्या लालात सुझीची मैत्रीण सारा ओळखते ते एका घोरण्यावरून, की मुख्य बाई गावाला गेल्यात असं सांगितलं ते खोटं आहे. रात्री शिक्षिका घरी जायला निघाल्या तर पावलं बाहेरच्या दाराकडे वाजायला हवीत, ती आत जातात, हेसुद्धा सारा पावलं मोजून काढते. आणि तो आंधळा पियानोवाला, दानिएल, त्याला नोकरीवरून हाकलतात तेव्हा जाता जाता ओरडतो की मी आंधळा आहे, बहिरा नाही! डायरेक्टरने उत्तर सरळ तोंडावर सांगून टाकलंय आणि आपण मात्र रंग बघत बसलोय. शेवटी सुझीला आठवतात ते ते पावसातले शब्दच, निळं आयरिसचं फूल फिरवायचं, की भिंतीतलं दार उघडतं. म्हणजे तिने तरी काय केलं, पहिला सीन मनात परत एकदा लावून बघितला. आपण तुमच्या हॉलमध्ये करत होतो तेच.

सगळंच भारी आहे असं मी म्हणत नाही. ते वटवाघूळ दोरीवर आहे हे तुम्ही पहिल्याच फटक्यात पकडलंत. आणि तारांची भेंडोळी भरलेली खोली नृत्यशाळेत कशाला असेल, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. २०१८ मध्ये दुसऱ्या एका इटालियन डायरेक्टरने हाच पिक्चर नव्याने केला, बर्लिनमध्ये नेला आणि रंग जवळजवळ सगळे काढून टाकले. चांगला आहे असं लोक म्हणतात. मला मात्र तुमची आठवण येत राहिली, म्हटलं काका उठून गेले असते.

पुढे नोकरीने म्युनिकला आणून टाकलं आणि इथे आल्यावर कळलं की फ्रायबुर्ग फ्रायबुर्ग म्हणत त्याने बरंचसं म्युनिकमध्येच उरकलंय. पिक्चरमधला तो विमानतळ १९९२ लाच बंद झाला. टॅक्सीवाल्याला सुझीचा रस्त्याच्या नावाचा उच्चार कळत नाही आणि ती चिठ्ठी दाखवते ना, ते माझं पहिल्या हिवाळ्यात रोज व्हायचं. दोघी पोहता पोहता मुख्य बाईंबद्दल कुजबुजतात तो तलाव म्हणजे इथला म्युलर्शेस फोल्क्सबाड, १९०१ चा, कमानी आणि गॅलऱ्यावाला. पंचवीस मीटर पोहून मी डोकं वर काढलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर वर गॅलरीत कोणी उभं आहे का ते बघितलं. नव्हतं कोणी. एक आजोबा टॉवेल वाळत घालत होते. फ्रायबुर्गला पण जाऊन आलो. इरास्मस हा जुना डच विद्वान १५२९ ते १५३१ ज्या लाल घरात राहिला त्या घराची नक्कल करून स्टुडिओत त्यांनी शाळेचं तोंड बांधलं. खरं घर छान आहे, पण दुपारी दोनच्या उन्हात ते फक्त एक लाल घर आहे.

क्योनिग्सप्लात्झवरून मी तुम्हाला व्हिडिओ कॉल केलेला, डिसेंबरात, बोटं गळून पडत होती. दानिएल बिअर हॉलमधून निघून कुत्र्याला घेऊन ज्या रिकाम्या चौकात येतो तो हा. बिअर हॉल म्हणजे होफब्रॉयहाउस, जिथे १९२० मध्ये हिटलरने पक्षाचा कार्यक्रम जाहीर केलेला, आणि चौकातली हिरवळ काढून नाझींनी संचलनासाठी ग्रॅनाइटच्या फरशा टाकलेल्या. पिक्चर झाला तेव्हा फरशाच होत्या, हिरवळ ऐंशीच्या दशकाच्या शेवटी परत आली. पिक्चर याबद्दल अवाक्षर काढत नाही. फक्त एका आंधळ्या माणसाला त्या नागड्या दगडावर आणून उभं करतो, देवळासारख्या खांबांवरून एक सावली सरकते, आणि त्याचाच कुत्रा त्याच्या गळ्याला लागतो. सगळ्या पिक्चरमधला सगळ्यात भीतीदायक सीन आणि त्यात रंग जवळपास नाहीतच. तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "खांबांवर उजेड खालून टाकलाय का रे?" खालूनच टाकलेला होता.

त्याच कॉलवर मी तुम्हाला सांगितलं की तोवोलीने मोठमोठ्या चौकटींवर रंगीत मखमल आणि पातळ कागद ताणून, त्याच्यामागे दणदणीत दिवे लावून, ते नटांच्या अगदी जवळ आणलेले. आणि प्रिंट काढल्या टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीने, म्हणजे लग्नपत्रिकेवर एकेक रंग वेगळा चढवतात तसा फिल्मवर शाई चढवायची, म्हणून तो लाल इतका दाट. तुम्ही हसायलाच लागलात. म्हणालात, गावोगावच्या प्रयोगांना दिव्यापुढचं रंगीत जिलेटिन संपलं की आम्ही पतंगाचा कागद लावायचो, दुसऱ्या अंकापर्यंत जळून वास सुटायचा, आणि पुढच्या रांगेतल्या माणसाला वाटायचं काय स्पेशल इफेक्ट आहे.

एका गोष्टीवरून मात्र आपलं वाजलेलं. शेवटी सुझी भिंतीवरचं ते निळं फूल फिरवते तेव्हा तुम्ही म्हणालात, कसलं निळं, तिन्ही फुलं मळकी तर आहेत. मी पॉज केला, स्क्रीनवर बोट ठेवलं, तुम्ही हट्टाला पेटलात की चाळीस वर्षं मी रंगच बघत आलोय, मला शिकवू नकोस. मला वाटलं, प्रिंट खराब असेल किंवा काका खोडसाळपणा करतायत. परवा ताईचा फोन आला की मोतीबिंदू निघाला, पट्टी काढल्या काढल्या तुम्ही खिडकीवरचा पडदा बघून म्हणालात, हा निळा कधी घेतला? ती म्हणे सात वर्षं हाच आहे. डॉक्टर म्हणाले डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि पहिला निळा जातो, माणसाला कळत पण नाही.

तर काका, एप्रिलच्या शेवटी येतोय. पिक्चरची नवीन फोर-के प्रत आहे माझ्याकडे, पेनड्राइव्हवरच आणतो. काकूंना सांगा तबला यायच्या आत लसूण सोलून ठेवा. आणि ती भिंत आली की मी काही बोलणार नाही, तीन फुलांतलं कुठलं ते तुम्ही उठून बोट ठेवून दाखवायचं.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा