टायगर मॉथ हवे, तर ओझरला हरळी लावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात एचटीटी-४० हे नवे प्रशिक्षण विमान तयार होऊ लागले, तशी जुनी प्रशिक्षण विमानेही एकदा इथे उडताना पाहायला मिळावीत, असे नाशिककर बोलू लागले आहेत. हवाई दलाच्या जपून ठेवलेल्या जुन्या विमानांच्या (व्हिंटेज) ताफ्यात टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही दोन्ही प्रशिक्षण विमाने आहेत, तेव्हा मागणी अवाजवी मुळीच नाही. खटकते ते तिच्या मागोमाग हमखास येणारे वाक्य : 'ओझरला तीन किलोमीटरची धावपट्टी आहे, मग अडचण कसली?' टायगर मॉथपुरती तरी अडचण ती धावपट्टीच आहे.

या विमानाला ब्रेक नसतात. शेपटीखाली चाकही नसते, असते ती एक दांडी, टोकाला लोखंडी नाल ठोकलेली. ही दांडी गवतात रुतते म्हणून वेग मोडतो आणि शेपूट जागेवर राहते. काँक्रीटवर ती नुसती खरडत जाते, नाल झिजते आणि विमानाला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. शिवाय ओझरची पट्टी पूर्व-पश्चिम. उत्तरेचा वारा सुटला की तो बरोबर आडवा येतो, आणि जेमतेम ८०० किलोचे हे विमान त्याला आवरत नाही. म्हणूनच जमिनीवर फिरवताना दोन्ही पंखांच्या टोकाशी एकेक माणूस चालतो. त्याने धरायचे ते वर-खाली असलेल्या दोन पंखांमधल्या खांबाला, पंखाच्या कडेला नाही; कड लाकडाची आणि वर कापड.

'संथ विमान म्हणजे सोपे विमान' हाही एक गोड गैरसमज. एचटीटी-४० ला नाकाखाली चाक आहे. विमानाचे वजन मुख्य चाकांच्या पुढे पडते, त्यामुळे ते थोडे वाकडे टेकले तरी आपोआप सरळ होते. जुन्यांचे उलटे. वजन चाकांच्या मागे. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना जरा तिरकी झाली की कशी दुमडतच जाते, ते निफाडच्या कोणत्याही बागायतदाराला विचारा. शेपूट एकदा फिरू लागली की ती पुढे येऊ पाहते, विमान गर्रकन गोल फिरते, बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पायच मोडतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. डॉ. वि. मा. घाटगे यांच्या आराखड्यावर बनलेले, १९५१ साली पहिल्यांदा उडालेले आपले एचटी-२ देखील याच घडणीचे.

हार्वर्डला ब्रेक आहेत, वळवता येणारे शेपटीचे चाक आहे, ते काँक्रीटवर चालेल. पण त्याचाही घात शेवटच्या शंभर मीटरांत होतो. वेग उतरला की रडरवरचा, म्हणजे पायांनी फिरवायच्या शेपटीच्या सुकाणूवरचा वारा संपतो, विमान उतरले म्हणून वैमानिकाचे पाय सैलावतात, आणि नेमकी तेव्हाच शेपूट सुटते. घाबरून दोन्ही ब्रेक दाबले तर ते नाकावर जाते आणि प्रोपेलर वाकतो. एरवी ६०० अश्वशक्तीचे हे विमान भारदस्त. उड्डाणाच्या वेळी प्रोपेलरची टोके ध्वनीच्या वेगाच्या जवळ पोचतात. तो आवाज ओझरजवळच्या 'दहावा मैल' फाट्यावर ऐकू आला तर दचकू नये.

इंजिन सुरू करण्याच्या रीतीही वेगवेगळ्या, आणि एकीची सवय दुसरीत घातक. टायगर मॉथचे चार सिलिंडर उलटे टांगलेले. इंजिनाला ठिणगी देणारे स्विच बंद ठेवून कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकेपर्यंत ते भरायचे, प्रोपेलर चार पाती पुढे सरकतील इतका हाताने फिरवायचा, मग स्विच चालू करून त्याला झटका. हे स्विच मुद्दाम कॉकपिटच्या बाहेर बसवलेले असतात, झटका देणाऱ्याला दिसावेत म्हणून. पेट्रोल जास्त झाले तर स्विच बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रोपेलर उलटा फिरवून ते बाहेर काढायचे. हार्वर्डला हे चुकूनही करायचे नाही. त्याचे नऊ सिलिंडर गोलाकार मांडलेले, खालच्यांत रात्रभर तेल साचते. सुरू करण्याआधी प्रोपेलर हाताने, पण सुलटाच फिरवून पाहायचा. अडला तर जोर लावायचा नाही, खालच्या सिलिंडरचे प्लग काढून तेल गाळायचे. उलटा फिरवला तर तेल हवेच्या नळीत ढकलले जाते, पुन्हा सिलिंडरमध्ये ओढले जाते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता वेळ. मे महिन्यात दुपारी ४० अंशांना ओझरची हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ते कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवरून उडते. टायगर मॉथच्या १३० अश्वशक्तीतली वीसेक तिथेच जाते. तेव्हा डिसेंबर-जानेवारी, सकाळी आठ ते दहा. निफाडच्या थंडीत तेल घट्ट असते, म्हणून इंजिन चार मिनिटांऐवजी सात-आठ मिनिटे तापवावे. सुरू होऊन अर्ध्या मिनिटात तेलाचा काटा चढला नाही तर लगेच बंद करावे.

पट्टीशेजारी गवताचा सहाशे मीटरचा तुकडा पुरतो, रुंदी मात्र सढळ असावी, म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून तिरके उतरता येते. आपली काळी जमीन तशीच चालणार नाही. पावसात चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि अशा भेगेत चाक अडकले की विमान उलथते. माती काढून मुरूम भरावा, रोलर फिरवावा, वर चार बोटे माती टाकून जूनअखेर हरळी लावावी. पाऊस उघडल्यावर दोनदा कापणी, आणखी एकदा रोलर, आणि डिसेंबरपर्यंत पाणी.

आपला,
एक वाचक, नाशिक रोड