धुळ्याहून, इतिहासाचार्य राजवाड्यांविषयी

धुळे
प्रिय सुरेश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. "त्या राजवाड्यांचं इतकी वर्षं काय घेऊन बसलास, चार पैसे तरी सुटले का?" असं विचारलंस. नाही सुटले भो, सुटणारही नाहीत. तरी उत्तर देतो, कारण वहिनींनाही तोच प्रश्न पडलाय म्हणे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गेले ते आपल्या धुळ्यात, 31 डिसेंबर 1926 ला. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथं उभं राहिलं. आपण शाळेत असताना पाटीकडे न बघता मंडळासमोरून सायकली हाणायचो. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळही 1910 मध्ये त्यांच्याच पुढाकारानं निघालं. पण पटलं नाही की माणूस तिथून उठायचा. पत्नी तरुणपणीच गेली, पुन्हा लग्न केलं नाही. हातानं रांधून खायचं आणि गावोगाव कागद धुंडाळायचे. कुणाच्या माडीवर, कुणाच्या देवघरामागे. 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला, पानिपताच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतली पत्रं. असे 22 खंड. इंग्रजी उत्तम येत असून लिहिलं मात्र मराठीतच.

त्यांचं सगळंच मला पटतं असं समजू नकोस. संतांवर त्यांनी जे ताशेरे ओढलेत ते माझ्या आईला वाचून दाखवले तर माळकरी बाई मला जेवायला वाढणार नाही. शब्दांच्या त्यांनी लावलेल्या कितीतरी व्युत्पत्त्या पुढच्या अभ्यासकांनी मोडीत काढल्या. राग तर नाकावरच. पण मूळ पत्र जसंच्या तसं छापून लोकांपुढे ठेवायचं, मग आपलं म्हणणं मांडायचं, ही त्यांची रीत मला सुटत नाही. ते चुकले तर ते दाखवायचा पुरावा त्यांनीच आपल्या हातात दिलाय. असा मोठेपणा मी फार कमी माणसांत पाहिला.

त्यांच्याच नादानं जुन्या कागदांची मोडी लिपी शिकलो, हे तुला ठाऊक आहे. दिवसभर अडतीवर हिशेब, रात्री मोडी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग हात फारसा न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. सुरुवातीला डोकं उठायचं. मग अमळनेरकडे एक जुना वाडा पाडत होते, तिथला एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं दप्तर, रद्दीत जाता जाता मिळाला. कापडाची गाठ सोडली तर आत कसरीनं चाळण केलेले कागद. त्यात एक कर्जरोखा निघाला. कुणा कुणब्यानं बैलजोडीसाठी सावकाराकडून रुपये घेतलेले. खाली सही नाही, वेडावाकडा नांगर काढलेला आणि शेजारी 'निशाणी नांगर'. काढताना शाई पसरलेली. आपल्या आज्यानंही असाच नांगर काढला असेल, असं वाटून मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो. तो वाचायला लागलेले कितीतरी रविवार मला महाग वाटले नाहीत.

आणि हो, याचा अडतीवर परिणाम झालाय. कुणी भांडायला आलं की मी म्हणतो, "आधी पावती दाखव, मग बोल." मालक वैतागतात, पण तंटे लवकर मिटतात.

आता कामाचं. पारोळ्याच्या तुझ्या काकांच्या माळ्यावर ती शिसवी पेटी आहे ना? घर रंगवायला काढलंय म्हणालास. पेटीतलं काही फेकू देऊ नकोस, उन्हातही टाकू नकोस, चिकटपट्टी तर मुळीच लावू नकोस. कोरड्या सुती कापडात बांधून ठेव. पोळा झाला की येतो. काकूंना सांग, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुरे, बाकी थाट नको.

तुझा,
प्रकाश