रविवारची तोरणमाळ पायपीट : सूचना

मंडळी, येत्या रविवारी तोरणमाळ. पहाटे ५.३० वाजता शहादा बसस्थानकासमोर जमायचं, उशिरा येणाऱ्यांसाठी गाडी थांबणार नाही. यशवंत तलावाला फेरी, मग जंगलवाटेने सीताखाईच्या कड्यापर्यंत. अंधाराआधी घाट उतरायचा.

- उंची साधारण ११५० मीटर. थंडी बोचते, स्वेटर-कानटोपी हवीच.
- भाकरी-ठेचा घरून, पाणी दोन लिटर.
- स्पीकर आणायचा नाही, हा नियम आहे. तलावाकाठी मोबाइलही मूक ठेवा; पाणपक्षी आवाजाने उडून जातात, आणि ही शांतता अनुभवायलाच आपण एवढ्या लांब जातोय. पाड्यावरच्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.
- दरीच्या टोकाशी सेल्फी नको.

नावं शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा.