सूचना : मिरगाआधी लीद हलवा

अलिबाग ते मुरूडच्या सर्व घोडेमालक सभासदांसाठी.

एका घोड्यामागे रोजची १५ किलोच्या आसपास लीद, वर ओला पेंढा. ढीग तबेल्यामागेच राहिला तर पहिल्या सरींबरोबर काळं पाणी विहिरीकडे उतरतं. तेव्हा मे अखेरपर्यंत उचल करा.

सुकलेली लीद भातवाल्यांना राब, म्हणजे रोपं करायची जागा, भाजायला चालते, गोणी भरून ठेवा. नारळ-सुपारीच्या वाडीत मात्र कच्ची देऊ नका. आळ्यात ती तापते, मुळं भाजतात, न पचलेलं गवताचं बी उगवतं. त्याहून वाईट म्हणजे नारळाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा अशाच ढिगात अंडी घालतो. मग नारळवाला पुन्हा दारात उभं करणार नाही!

कुजवायची तर ढीग किमान तीन फूट उंच आणि रुंद हवा. मूठभर दाबली की हात ओला व्हावा, पाणी गळू नये. दर आठवड्याला उलथा, तीन महिने धरा. उलथताना जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की वेचून मारा. वर ताडपत्री हवीच.

जंताचं औषध पाजल्यावर काही आठवडे ती लीद गांडूळखताला देऊ नका. पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूतून, गोळा केलेली वाळूमिश्रित, खारट लीद वेगळी ठेवा. आणि लीद भरतीत लोटणं बंद करा.