किल्ली कुणाकडे ठेवशील?

एडिसन, न्यू जर्सी
ऑक्टोबर २०२५

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या चार जागांचे फोटो काल रात्री आम्ही टीव्हीवर मोठे करून पाहिले. बाबांनी लगेच कागद घेऊन भाडं, स्टेशनचं अंतर, चौरस फूट असा तक्ता मांडला. मी गप्प होते. तू फोनवर म्हणालीस, "आई बोलत नाही म्हणजे तिला क्वीन्स पसंत नाही." तसं नाही गं. २००१ साली आपण न्यूयॉर्कच्या त्या भागातून निघालो तेव्हा तू सात वर्षांची होतीस. का निघालो, याचं खरं उत्तर मी तुला कधीच दिलेलं नाही. फोनवर ते जमेना, म्हणून लिहायला बसले.

आधी ती तळघरातली जागा यादीतून काढ. भाडं निम्मं आहे, कबूल. पण खिडकी बघितलीस? छताला टेकलेली, जेमतेम हातभर. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस आला तेव्हा तासाभरात तीन इंचांवर पाणी पडलं. शहरात तळघरांमधल्या घरांत अकरा माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक क्वीन्समधली. त्या जागेबद्दल मी चर्चासुद्धा करणार नाही.

लाँग आयलंड सिटीच्या काचेच्या टॉवरबद्दल माझं काही म्हणणं नाही. जिम आहे, खाली दरबान आहे, नदीपलीकडे मॅनहॅटन दिसतं. कुणाच्या घरात काय शिजतंय, हे मात्र त्या लॉबीत उभं राहून तुला कधी कळणार नाही. बाबा म्हणतात, हाच तर फायदा.

आता बाबांची कलमं. ब्रोकरला ज्याने नेमलं त्यानेच त्याचे पैसे द्यायचे, असा कायदा या जूनपासून लागू झालाय. तेव्हा घरमालकाच्या ब्रोकरने तुझ्याकडे हात पसरला तर देऊ नकोस. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, ते २०१९ पासूनच. वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट आहे का, हे बहुतेक जण बघतील. तुझा बसतोय. इमारत १९७४ च्या आधीची आणि सहा किंवा जास्त घरांची असेल तर 'रेंट स्टॅबिलाइज्ड आहे का', म्हणजे भाडेवाढीवर सरकारी मर्यादा आहे का, असं स्पष्ट विचार. १ ऑक्टोबर ते ३१ मे हीटिंग देणं मालकावर बंधनकारक आहे, नाही दिलं तर ३११ ला, शहराच्या तक्रार क्रमांकावर, फोन करायचा. संपली कलमं.

माझं एवढंच सांगणं आहे की दिवसाउजेडी, ब्रोकरसोबत बघितलेलं घर म्हणजे दाखवायला आणलेली मुलगी. एखाद्या मंगळवारी रात्री अकराला सात नंबरच्या ट्रेनमधून एकटी उतर आणि चालत दारापर्यंत जा. कोणती दुकानं उघडी आहेत, कोण बाहेर उभं आहे, तुझी पावलं आपोआप भराभर पडतात की नाही, ते बघ. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला त्याच इमारतीच्या जिन्यात पाच मिनिटं थांब. नाक उघडं ठेव.

नाक म्हटलं, कारण आपली गोष्ट तिथूनच सुरू होते.

१९९२ च्या उन्हाळ्यात आम्ही जागा शोधत होतो. बाबा फोन करायचे, जागा आहे म्हणायचे. आम्ही दारात उभे राहिलो की "आत्ताच गेली." एका ब्रोकरकडे तर आमच्या मागून आलेल्या जोडप्याला त्याच फ्लॅटची किल्ली दिलेली मी डोळ्यांनी पाहिली. वंश बघून घर नाकारणं १९६८ पासून बेकायदा आहे, हे आम्हाला कुठे माहीत! आणि मीही काही कमी नव्हते. प्रत्येक ठिकाणी बाबांना मराठीत विचारायचे, "आपल्यातलं कुणी आहे का इमारतीत?" गिरगावातून आलेली मी. चाळीत सगळ्यांची दारं उघडी असायची, पण ती सगळी दारं आपल्यासारख्यांचीच होती, हे तेव्हा कधी डोक्यातच आलं नाही.

शेवटी जॅक्सन हाइट्सला, सदतिसाव्या ॲव्हेन्यूजवळ, विटांच्या सहा मजली इमारतीत घर मिळालं. समोरच्या दारावरचं नाव वाचलं. बांगलादेशी मुसलमान. पुढचे काही महिने मी लिफ्टमध्ये नुसती मान हलवत होते. त्यात डिसेंबरात आणि मग जानेवारीत मुंबई पेटली. गिरगावात फोन लागत नव्हता, आणि समोरच्या दारातून मला रोज भाताला फोडणी दिल्याचा वास यायचा. त्या दिवसांत मी काय काय विचार केले, ते या पत्रातही लिहिणार नाही.

त्याच जानेवारीत एकदा मला सुक्या बोंबलांची आठवण अनावर झाली. आजीने बॅगेत, प्लॅस्टिकच्या चार थरांत बांधून दिले होते. खिडक्या उघडल्या तर थंडी, बंद ठेवल्या तर वास. दाराच्या फटीत टॉवेल कोंबून मी ते तव्यावर भाजले. दहा मिनिटांत बेल. मला वाटलं, झालं, आली तक्रार. दारात समोरच्या बाई, हातात रिकामी वाटी. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "दीदी, लोइट्टा?"

बंगालीत बोंबलाला लोइट्टा म्हणतात आणि सुक्या माशाला शुटकी. त्यांनी माहेर सोडल्यापासून तो वास घेतला नव्हता. त्या दुपारी आम्ही दोघींनी ओट्याशी उभ्याउभ्याच, कांदा आणि लाल तिखट घालून, सगळी पिशवी संपवली. आजीचे चार थर! बाबांसाठी शेपटीसुद्धा उरली नाही. त्या भाबी झाल्या, मी दीदीच राहिले.

पुढच्या वर्षी, १९९४ च्या फेब्रुवारीत, बर्फातच तुझा जन्म झाला. भाबींचे यजमान टॅक्सी चालवायचे. एल्महर्स्टच्या हॉस्पिटलात मला त्यांनीच नेलं. मग एकदा, तू चार महिन्यांची असशील, मी कचरा टाकायला खाली गेले आणि मागे दार ओढलं गेलं. लॅच. आत तू पाळण्यात, गॅसवर दूध. मी दार बडवत होते. इमारतीची देखभाल करणारा सुपर जागेवर नव्हता. खालच्या मजल्यावरच्या कोलंबियन आजी वर आल्या, त्यांनी मला खाली बसवलं, पाणी दिलं, आणि भाबींचा मोठा मुलगा फायर एस्केपवरून स्वयंपाकघराच्या खिडकीत उतरला. दूध करपलं होतं. तू झोपली होतीस. त्या रात्री बाबांनी किल्ल्या करून आणल्या. आपली भाबींकडे, भाबींची आपल्याकडे, लाल नाडा बांधून.

तुला आठवणारं क्वीन्स यानंतरचं. रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर रुळांखाली लोक बोलता बोलता मधेच थांबायचे, डोक्यावरून ट्रेन धडधडत गेली की तोच शब्द पुढे चालू. तुला तो खेळ वाटायचा, घरीसुद्धा तू वाक्य अर्ध्यात तोडून हसायचीस. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर आंबे, पलीकडे कोलंबियन बेकरी. पस्तिसाव्या ॲव्हेन्यूवर रस्त्याच्या नावातल्या अक्षरांना गुण दिलेली पाटी आहे, कारण अक्षरांना गुण असलेला स्क्रॅबल हा शब्दांचा खेळ याच वस्तीत जन्मला. मध्यंतरी बाबा मुद्दाम फोटो काढून आले.

चौतिसाव्या ॲव्हेन्यूवरची तुझी तिसरी जागा मी नीट पाहिली. अशा इमारतींच्या पोटात बाग असते, रस्त्यावरून दिसत नाही. शंभर वर्षांपूर्वी त्या बांधल्या तेव्हा तिथे ज्यूंना आणि काळ्यांना घर मिळत नसे, हे मला खूप नंतर वाचायला मिळालं. आपल्यासारख्यांसाठी दार उघडलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर. आता तो रस्ता २०२० पासून सव्वीस ब्लॉक दिवसभर गाड्यांना बंद असतो, मुलं सायकली चालवतात. आम्ही असताना तिथे पार्किंगवरून हातघाईवर येत असत.

आता खरं उत्तर. तुला आणि सगळ्यांना मी सांगत आले की शाळेसाठी एडिसनला आलो. शाळा चांगली होती, खोटं नाही. पण २००० सालच्या गणपतीला मंडळातली काही मंडळी जर्सीहून आपल्याकडे आरतीला आली होती. लिफ्टमध्ये भाबींच्या शुटकीचा वास भरला होता. एका बाईंनी पदर नाकाला लावला आणि मला म्हणाल्या, "अजून इथेच?" मी म्हणाले, "हो ना, काय करणार, बघतोय आम्ही घर." तेव्हा आम्ही कुठलंही घर बघत नव्हतो. भाबी प्रसादाला आल्या होत्या, माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मराठी त्यांना येत नव्हतं. पदर मात्र दिसला असणार.

आठ महिन्यांत आपण गेलो. जाताना त्यांनी आपली किल्ली परत केली. मी त्यांची द्यायची विसरले. इथे चोवीस वर्षं झाली. सगळे आपलेच, गणपती मोठा, दिवाळीला जागा पुरत नाही. गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं. आपली जादा किल्ली कुठे आहे ठाऊक आहे का? अंगणातल्या प्लॅस्टिकच्या दगडाखाली.

क्वीन्समधल्याच फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात आम्ही दरवर्षी जातो, कँटीनचा डोसा खातो. येताना गाडी जॅक्सन हाइट्सच्या जवळूनच जाते. बाबा विचारतात, "वळवू का?" मी म्हणते, उशीर होतोय.

काल रात्री तुझे फोटो बघून झाल्यावर मी भाबींना फोन केला. नंबर तोच आहे, घरही तेच. आवाज म्हातारा झालाय. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, "दीदी?" तू रविवारी जागा बघायला येते आहेस म्हटल्यावर त्यांनी ट्रेनची वेळ विचारली आणि तू अजून मासे खातेस का, तेही.

रविवारी मीही येते. अकरा वाजता चौऱ्याहत्तराव्या रस्त्याच्या स्टेशनवर, जिन्याखाली उभी राहा. मी लाल नाड्याची किल्ली पर्समध्ये टाकली आहे. कुलूप त्यांनी कधीच बदललं असेल. बाबांना येऊ दे म्हटलं तर ते तक्ता घेऊन येणार, तेव्हा तयारी ठेव. आणि काळा कोट घालू नकोस, शुटकीचा वास लोकरीतून आठवडाभर जात नाही.

तुझी,
आई