जेसी आणि ग्रेसी, बघच एकदा

प्रिय मित्रा,

तू विचारलंस ना, हल्ली रात्री जागून काय बघतोस, तर १९३०च्या दशकातले ब्रिटिश म्युझिकल कॉमेडी सिनेमे. अरे काय खजिना आहे, आणि कुणी नावही काढत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

१९३४चा 'एव्हरग्रीन' आधी बघ. त्यातली जेसी मॅथ्यूज म्हणजे लंडनच्या सोहोतल्या भाजीवाल्याची पोरगी, घरात भावंडांची ही गर्दी, पण पडद्यावर आली की नजर हटत नाही. गोष्ट अशी की जुन्या गाजलेल्या नटीची मुलगी आईच्याच नावाने स्टेजवर येते, एवढ्या वयाची बाई अजून इतकी तरुण कशी म्हणून लोक तुटून पडतात, आणि पब्लिसिटीवाला तरुण तिचा मुलगा म्हणून मिरवतो. दोघं एकमेकांवर जीव टाकतात, राहतात एकाच घरात, पण जगासमोर मायलेक! मग एका रात्री ती एकटीच घरभर नाचते, 'डान्सिंग ऑन द सीलिंग' या गाण्यावर, जोडीदार नाही, नुसता पाय वर जातो आणि हात मागे झुकतात, आणि तिच्या मनात काय चाललंय ते सगळं कळतं. ही नृत्यं बडी ब्रॅडलीची, अमेरिकेतला कृष्णवर्णीय नृत्यदिग्दर्शक, न्यूयॉर्कने त्याच्या कामाचं श्रेय फारसं दिलं नाही, लंडनने दिलं.

आणि ग्रेसी फील्ड्स! ती रॉचडेलची, लँकेशरच्या गिरण्यांच्या मुलखातली. 'सिंग अ‍ॅज वी गो' पण १९३४चाच, पटकथा जे. बी. प्रीस्टलींची. गिरणी बंद पडते आणि कामगार गात गात बाहेर पडतात, मग ही सायकलवर टांग मारून ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या सुट्टीच्या गावाला जाते, मिळेल ते काम करते. शूटिंग खऱ्या ब्लॅकपूलमध्ये झालंय, त्यामुळे सुट्टीवर आलेली साधी माणसं, जत्रेतले खेळ, टॉवर सगळं दिसतं. मंदीत पोळलेल्या लोकांनी हा सिनेमा डोक्यावर घेतला, कारण बेकारी त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. शेवटी गिरणी सुरू होते, तेच गाणं म्हणत सगळे परत आत जातात, ग्रेसी पुढे. गिरणगावात वाढलेल्या तुझ्यासारख्याला तर ते बघवणारच नाही रे, गळा दाटेल.

आधी जेसी बघ, मग ग्रेसी, आणि मला लगेच फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझाच