आजचा आकडा बघूनच आजचा डोस

पुणे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मेडिसिन वॉर्डात तुझी ड्यूटी लागली. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवरचे पेशंट तिथे रोज असणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ही औषधं जास्त झाली तर रक्तस्राव, कमी पडली तर गुठळी. दोन्ही जिवावर बेततं. म्हणून आजचा आकडा बघितल्याशिवाय आजचा डोस द्यायचा नाही. आकडा म्हणजे वजन, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), प्लेटलेट, आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा), आणि आधीचा डोस किती वाजता गेला ती वेळ.

सगळ्यात जास्त घोळ हेपॅरिनच्या इंजेक्शनचा होतो. ५ मिलीच्या वायल दोन ताकदीच्या येतात. एकीत मिलीला १००० युनिट, दुसरीत ५०००. ऑर्डर ५००० युनिटची असेल तर पहिली वायल अख्खी लागते, दुसरीतला फक्त १ मिली. हा हिशेब तोंडी करू नकोस, कागदावर मांड. दुसऱ्या सिस्टरला तिचा तिला करू दे, तुझं उत्तर आधी दाखवू नकोस. दाखवलंस की ती नुसती मान डोलावते आणि तपासणी नावापुरती उरते.

सिरिंज पंपासाठी २५,००० युनिट सलाइनमध्ये मिसळून एकूण ५० मिली केले, तर १ मिलीत ५०० युनिट. पेशंट ६० किलोचा आणि ऑर्डर तासाला किलोमागे १८ युनिट असेल, तर १०८० युनिट, म्हणजे तासाला साधारण २.२ मिली. पंपावर २२ पडले की दहापट गेलं! दशांश चिन्हावर बोट ठेवून वाच. एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, सुरुवातीनंतर ६ तासांनी, आणि रेट बदलला की पुन्हा ६ तासांनी. हेपॅरिन ज्या हातात चालू आहे त्यातून नमुना घेऊ नकोस. निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भर. ती अर्धवट भरली तर तिच्यातल्या सायट्रेटचं (रक्त गोठू न देणाऱ्या द्रवाचं) प्रमाण वाढतं, रिपोर्ट खोटाच लांबलेला येतो, कोणीतरी रेट कमी करतं आणि पायातली गुठळी तशीच राहते.

पावसाळ्यात पुण्यात प्लेटलेट घसरल्या की सगळ्यांना आधी डेंगीच आठवतो. पण हेपॅरिन सुरू होऊन ५ ते १० दिवस झालेत आणि प्लेटलेट निम्म्यावर आल्यात, तर डॉक्टरांना त्याच क्षणी कळव. हेपॅरिनचीच ही प्रतिक्रिया असू शकते आणि तिच्यात गुठळ्या वाढतात. तसं ठरलं तर लाइन फ्लश करायचं, म्हणजे शिरेतली नळी मोकळी ठेवायचं हेपॅरिनही बंद होतं, ते विसरलं जातं.

एनॉक्सापॅरिन या दुसऱ्या इंजेक्शनला वजन आणि किडनी बघ. उपचाराचा डोस किलोमागे १ मिलीग्रॅम, दर १२ तासांनी. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते तो आकडा) मिनिटाला ३० मिलीच्या खाली असेल तर २४ तासांतून एकदाच. इंजेक्शन पोटावर, बेंबीपासून चार बोटं लांब, चिमटीत कातडी धरून सरळ. भरलेल्या सिरिंजमधला पूर्ण डोस द्यायचा असेल तर हवेचा बुडबुडा काढू नकोस, आणि नंतर चोळू नकोस.

राउंडमध्ये औषध बदललं की जुनं खरंच थांबलंय का ते बघ. नातेवाइकांच्या पिशवीत घरच्या अपिक्साबॅनच्या, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्याच गोळ्या असतात, पेशंट त्या सवयीने घेतो आणि इकडे इंजेक्शनही चालू असतं. पिशवी मागून बघ, त्यात संकोच नको. कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक स्नायूत देण्याची ऑर्डर आली तर देण्याआधी डॉक्टरांना विचार, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. काळी शौच, लाल लघवी, वाढती नाडी, घसरतं बीपी, पडल्यानंतर डोकेदुखी: यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस थांबवून फोन कर.

असिट्रोम किंवा वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या संध्याकाळी देतात, कारण सकाळच्या आयएनआरवरून त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. बहुतेकांना आयएनआर २ ते ३ हवा असतो, हृदयाच्या मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर २.५ ते ३.५. मेट्रोनिडाझोल (अँटिबायोटिक), फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) सुरू झालं की आयएनआर चढतो. टीबीच्या रिफाम्पिसिनने उतरतो, आणि ते थांबल्यावर पुन्हा चढतो.

डिस्चार्जला मात्र घाई करू नकोस. पेशंट भोरला किंवा जुन्नरला गेला की विचारायला तू समोर नसतेस. नुसतं ‘अर्धी’ लिहू नकोस. किती मिलीग्रॅमच्या गोळीची अर्धी, ते मराठीत लिही आणि गोळ्यांची पट्टी हातात देऊन त्याच्याकडून वाचून घे. पुढचा आयएनआर कोणत्या तारखेला आणि गावाजवळच्या कोणत्या लॅबमध्ये, तेही लिहून दे. मेथी-पालकाने असिट्रोमचा परिणाम कमी होतो, तरी ती बंद करायला सांगू नकोस. रोजचं प्रमाण सारखं ठेवायला सांग. श्रावणात जेवण बदलतं, तेव्हा तपासणी लवकर करावी लागेल. रिव्हारोक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची १५ किंवा २० मिलीग्रॅमची गोळी जेवणासोबतच लागते, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. एकादशीला भगर-आमटी खाऊन तरी घ्यायला सांग. असिट्रोमचा डोस राहिलाच, तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. वहीत तारीख टाकायची आणि तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना दाखवायची.

तुझी,
आई